खोकल्याला मुदत लावा: फुफ्फुसाच्या कर्करोगाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

२०११च्या विश्वचषकात ३६२ धावा काढून आणि १५ बळी घेऊन मालिकावीर ठरलेला युवराज सिंग हा चंडीगडचा. त्या स्पर्धेतच त्याला खोकला येत होता, दम लागत होता, रक्तही पडत होतं, आणि तरी तो खेळत राहिला. २०१२च्या फेब्रुवारीत त्याच्या आजाराची बातमी फुटली तेव्हा अनेकांनी सरळ सांगून टाकलं की युवराजला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला. तसं नव्हतं. त्याची गाठ दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत, हृदयाच्या आसपास वाढली होती. तिचा प्रकार ‘सेमिनोमा’, म्हणजे जननपेशींपासून निघणारा कर्करोग. तो केमोथेरपीला चांगली दाद देतो. अमेरिकेत इंडियानापोलिसला डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडे उपचार घेऊन युवराज एप्रिलमध्ये परतला आणि सप्टेंबर २०१२मध्ये पुन्हा भारताकडून खेळला.

आजार वेगळा असला तरी त्यातून घ्यायचा धडा फुफ्फुसाच्या कर्करोगालाही लागू पडतो. छातीतल्या गाठीची लक्षणं रोजच्या दुखण्यांसारखीच असतात आणि प्रत्येक लक्षणाला काहीतरी कारण हाताशी असतं: दगदग, हवा, ॲलर्जी, वय. हे कारण बहुतेक वेळा खरंही असतं. घोटाळा होतो तो त्या कारणाला मुदत न लावल्यामुळे. खाली दिलेले बहुतेक गैरसमज या एकाच चुकीतून आले आहेत.

गैरसमज १: आमच्या घरात कुणी सिगारेट ओढत नाही, म्हणजे हा आजार आमच्याकडे येणार नाही.

वस्तुस्थिती: धूम्रपान हे या कर्करोगाचं सर्वांत मोठं कारण आहे, यात वाद नाही. बिडी ‘पानाची’ म्हणून सौम्य, हुक्का ‘पाण्यातून गाळलेला’ म्हणून निर्धोक, या समजुतींना काही आधार नाही. पण न ओढणाऱ्यांनाही हा आजार होतो आणि भारतात अशा रुग्णांचं, विशेषतः स्त्रियांचं, प्रमाण दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही.

युवराजच्याच चंडीगडचं उदाहरण घ्या. या शहराने १५ जुलै २००७ रोजी देशातलं पहिलं धूम्रपानमुक्त शहर म्हणून स्वतःला जाहीर केलं. शीख धर्मात तंबाखू वर्ज्य असल्याने पंजाबात तिचं सेवन मुळातच कमी आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचं प्रमाण देशभरात २८.६ टक्के, तर पंजाबात १३.४ टक्के होतं. त्याच पाहणीत महाराष्ट्राचं चित्र आणखी वेगळं दिसलं. इथे धूम्रपान करणारे जेमतेम ४ टक्के, पण गुटखा, खर्रा, मशेरी अशी तंबाखू तोंडात ठेवणारे २४ टक्के. त्या तंबाखूचा पहिला घाव तोंडावर आणि घशावर पडतो. त्यामुळे मराठी घरात तोंडाच्या कर्करोगाची थोडीफार जाण असते, पण फुफ्फुसाचा कर्करोग ‘सिगारेटवाल्यांचा’ म्हणून बाजूला टाकला जातो.

तंबाखू कमी असलेल्या याच चंडीगडच्या पीजीआय या संस्थेतले छातीविकारतज्ज्ञ डॉ. दिगंबर बेहरा यांनी स्त्रियांमधल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी लक्ष वेधलं ते स्वयंपाकघरातल्या धुराकडे. लाकूड, गोवऱ्या, पिकांचं काड यांवर वर्षानुवर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईने आयुष्यात बिडी ओढलेली नसते, पण धूर मात्र रोज घेतलेला असतो. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या बिडीचा धूर त्यात भर घालतो. शिवाय बाहेरची हवा आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिकांचे खुंट जाळल्याचा धूर उत्तरेकडच्या शहरांवर साचतो, तो याच प्रदूषणाचा भाग. ॲस्बेस्टॉसची धूळ आणि डिझेलचा धूर यांनीही धोका वाढतो. म्हणून ‘मी ओढत नाही’ म्हटल्याने धोका कमी होतो, शून्यावर येत नाही.

गैरसमज २: खोकला, ताप, वजन कमी म्हणजे टीबीच.

वस्तुस्थिती: जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव भारतात आहेत. अशा देशात डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येणं चूक नाही. पण टीबी आणि फुफ्फुसाचा कर्करोग या दोन्ही आजारांची लक्षणं एकमेकांवर इतकी पडतात की लक्षणांवरून किंवा नुसत्या एक्स-रेवरून त्यांत फरक करणं अवघड जातं. बरेच दिवसांचा खोकला, बेडक्यात रक्त, बारीक ताप, भूक मरणं, अंग उतरणं आणि एक्स-रेवर पांढरा डाग, हे सगळं दोन्हीकडे आढळतं.

नुकसान इथूनच सुरू होतं. बेडक्यात जंतू सापडत नाहीत, तरी ‘डाग आहे’ म्हणून टीबीची औषधं चालू होतात. उपचार सहा महिन्यांचा असल्याने रुग्ण आणि घरचे धीर धरतात. मधल्या काळात गाठ वाढत राहते आणि शस्त्रक्रियेने निघू शकली असती ती हाताबाहेर जाते.

म्हणून दोन प्रश्न विचारायला संकोच करू नये. पहिला: माझा टीबी तपासणीत सिद्ध झाला आहे की अंदाजाने धरला आहे? बेडक्याची सीबीनॅटसारखी जनुकीय चाचणी सरकारी केंद्रांवर मोफत होते. दुसरा: औषधं चालू होऊन महिना-दीड महिना झाला, तरी वजन वाढत नाही, खोकला हटत नाही, डाग निवळत नाही, मग पुढची तपासणी कोणती? औषधं मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. टीबी खरोखर असेल तर अर्धवट उपचारांनी तो औषधांना जुमानेनासा होतो. आणखी एक गोष्ट: टीबी सिद्ध झाला म्हणून कर्करोगाची शक्यता संपत नाही. जुन्या टीबीने व्रण पडलेल्या फुफ्फुसात कर्करोगाचा धोका थोडा जास्तच असतो.

गैरसमज ३: दुखत नाही, म्हणजे गंभीर काही नाही.

वस्तुस्थिती: फुफ्फुसाच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. वेदना कळते ती फुफ्फुसावरच्या आवरणाला, बरगड्यांना आणि नसांना. त्यामुळे आतली गाठ मोठी होईपर्यंत काहीही न दुखता राहू शकते. छातीत, पाठीत किंवा खांद्यात दुखू लागतं तेव्हा ती बरेचदा आवरणापर्यंत पोहोचलेली असते. फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ असेल तर खांदा आणि हात दुखतो. असे रुग्ण महिनोन्‌महिने ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून शेक आणि मालिश घेत राहतात. त्याच बाजूची पापणी खाली उतरली असेल किंवा बोटांत मुंग्या येत असतील, तर नुसत्या मालिशीवर थांबू नये.

गैरसमज ४: खोकल्यातून रक्त पडलं तरच काळजी करायची.

वस्तुस्थिती: रक्त पडलं तर, अगदी एक धागा दिसला तरी, डॉक्टरांकडे जायचंच. पण अनेक रुग्णांना रक्त कधी पडतच नाही. खुणा अशाही असू शकतात:

- तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला. टीबीच्या दृष्टीने दोन आठवडे झाले की लगेच तपासणी करावी.
- धूम्रपान करणाऱ्याच्या जुन्या खोकल्याचा बदललेला सूर. ‘त्याला कायमच खोकला असतो’ असं घरचे म्हणतात आणि नेमका बदल नजरेतून सुटतो.
- जिना चढताना पूर्वी लागत नव्हता असा दम.
- आवाज घोगरा होऊन तो दोन-तीन आठवड्यांत न सुटणं. स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस छातीतून वळसा घेऊन वर येते आणि गाठीने ती दबू शकते.
- एकाच फुफ्फुसात, एकाच जागी पुन्हापुन्हा होणारा न्यूमोनिया.
- चेहरा आणि मान सुजणं, मानेवरच्या शिरा फुगणं. यात उशीर चालत नाही.
- कारणाविना वजन घटणं, न जाणारा थकवा, हाडं दुखणं, नव्याने सुरू झालेली सततची डोकेदुखी किंवा फिट.

बोटांकडेही पाहावं. दोन्ही तर्जनींची नखं एकमेकांना पाठीकडून टेकवली की मधे शंकरपाळ्यासारखी छोटी फट दिसते. ती नाहीशी झाली असेल आणि बोटांची टोकं फुगली असतील, तर फुफ्फुसाची तपासणी करून घ्यावी. हे लक्षण इतर आजारांतही दिसतं, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरून जाऊ नये.

यांतलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे कर्करोग झाला असं अजिबात नाही. बहुतेकांमध्ये कारण साधं निघतं. पाहायचं ते दोनच गोष्टींकडे: टिकतंय का, आणि बदललंय का.

गैरसमज ५: एक्स-रे चांगला आला, विषय संपला.

वस्तुस्थिती: एक्स-रे ही पहिली पायरी आहे. लहान गाठ किंवा हृदयाच्या, बरगड्यांच्या सावलीत दडलेली गाठ त्यात दिसत नाही. फुफ्फुसाचा कर्करोग असलेल्या दर चार-पाच जणांपैकी एकाचा एक्स-रे निर्धोक वाटू शकतो. लक्षण टिकून असेल तर सीटी स्कॅनविषयी विचारावं.

याचं दुसरं टोकही टाळावं. लक्षण नसताना प्रत्येकाने सीटी काढण्यात अर्थ नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत ५३ हजारांहून अधिक लोकांना घेतलं होतं. कमी किरणांच्या सीटीमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, पण ते सगळे ५५ ते ७४ वयाचे आणि वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेले होते. आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग इतके सापडतात की निरोगी माणसाच्या मागे विनाकारण तपासण्यांचा ससेमिरा लागू शकतो. तुमचा धोका किती, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

गैरसमज ६: सुई लावली की कॅन्सर पसरतो.

वस्तुस्थिती: या भीतीने कितीतरी रुग्ण बायोप्सीला, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासायला, नकार देऊन घरी जातात. सुईच्या वाटेने पेशी पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे. तुकडा न तपासता मात्र उपचार ठरवताच येत नाहीत. आता त्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके अशा जनुकीय बदलांच्या चाचण्याही होतात. कधीच न ओढणाऱ्या रुग्णांमध्ये हे बदल जास्त सापडतात आणि सापडले तर केमोथेरपीऐवजी गोळ्यांनी उपचार सुरू करता येतात.

गैरसमज ७: एकदा झाला म्हणजे संपलं, आणि इतकी वर्षं ओढल्यावर आता सोडून काय उपयोग?

वस्तुस्थिती: जागतिक अंदाजानुसार २०२२ साली भारतात या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण होते आणि मृत्यू सुमारे ७५ हजार. हे आकडे भयंकर आहेत, पण त्यामागचं मोठं कारण आहे उशिरा झालेलं निदान. गाठ एका जागी असताना सापडली तर शस्त्रक्रियेने रुग्ण बरा होऊ शकतो. सोडण्याचाही उपयोग होतोच. धूम्रपान थांबवल्यावर दहा वर्षांत हा धोका, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत, साधारण निम्म्यावर येतो. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे.

उपचारांची सोयही आता पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. परळच्या टाटा मेमोरियलच्याच छत्राखाली चंडीगडजवळ मुल्लांपूरला उभारलेल्या ३०० खाटांच्या होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचं २४ ऑगस्ट २०२२ रोजी उद्घाटन झालं. नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला पहिल्या तपासणीसाठी मुंबईची गाडी पकडण्याची गरज नाही. महाराष्ट्रातही सुरुवात जिल्हा रुग्णालयातल्या छातीविकार विभागापासून करता येते.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात: लक्षण कोणत्या तारखेला सुरू झालं, तेव्हापासून काय बदललं, किती किलो वजन घटलं, आणि आयुष्यात कोणकोणता धूर घेतला. चुलीचाही. आधीचे सगळे एक्स-रे सोबत ठेवावेत, कारण दोन वर्षांपूर्वीचा डाग आणि आजचा डाग शेजारी धरले की निदान सोपं होतं. निघण्यापूर्वी एवढंच विचारावं: ‘या औषधाने किती दिवसांत बरं वाटायला हवं, आणि नाही वाटलं तर पुढे काय?’ मिळालेली तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि तोवर खोकला गेला नसेल, तर त्या दिवशी पुन्हा जावं.