आठ तारांचा ट्रान्सफॉर्मर

कानबाईच्या जागरणाला किंवा गल्लीतल्या भजनाला लागेल असा अँप्लिफायर रनाळ्यात घरी जुळवायचा, तर आयसी, डायोड, कपॅसिटर, हीटसिंक हे सगळं नंदुरबारला एका फेरीत मिळून जातं. खिसा रिकामा होतो तो ट्रान्सफॉर्मरपायी, कारण तांबं महाग. मग माणूस भंगाराकडे वळतो. तिथे हाती लागतो तो दोन-अडीच किलोचा, लेबल उडालेला, आठ तारा लोंबणारा एक ठोकळा. यातल्या कुठल्या दोन तारा 230 व्होल्टला लावायच्या, हे चुकलं तर धूर निघणार.

रंगांवर जाऊ नका. रिवाइंडिंगवाला हाताशी असेल ती तार जोडतो. बाहेरची जाडीही फसवते, कारण आतल्या वार्निशच्या तारेला ही मऊ तार नंतर झाळलेली असते. कागद हलकेच उचलून तो जोड पाहा. आतली तार केसासारखी बारीक असेल तर ती बहुधा प्रायमरी, म्हणजे घरच्या लाइनची बाजू. जाड असेल तर सेकंडरी, म्हणजे कमी व्होल्टची.

मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक तार बाकीच्या सातांशी लावून बघायची आणि आकडे वहीत लिहायचे. समजा, दोन तारांत 12 ओहम आले. दुसऱ्या तीन तारा आपसात जुळल्या, पण आकडा एक ओहमच्या आत. आणखी दोघींत दीड ओहम. आठवी कुणाशीच बोलत नाही. ती दोन गुंडाळ्यांमधल्या तांब्याच्या पत्र्याची, म्हणजे शील्डची असते. ती चेसिसच्या अर्थिंगला जाते. मापताना पिनांच्या उघड्या टोकांना बोटं लावू नका. मीटर सुटताना गुंडाळी उलट झटका देते, आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा तो चांगलाच झोंबतो.

ओहमवरून एवढंच कळतं की कोण कोणाच्या घरातलं. तीन तारांतली मधली कोणती, हे इथे ठरवू नये. मीटरच्या वायरींचाच रोध 0.3 ओहमच्या आसपास असतो, तिथे 0.2 आणि 0.4 मधला फरक काय कळणार! प्रायमरीच्या बाजूला तीन-चार तारा निघाल्या तर मात्र सर्वांत जास्त ओहम दाखवणारी जोडी धरायची. सगळे वेढे तिच्यातच येतात, म्हणून सुरुवातीला तीच सुरक्षित.

खरी ओळख व्होल्टेजने पटते, आणि त्यासाठी लगेच लाइन जोडायची गरज नसते. ओळखीचा एखादा छोटा 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि त्याचे एसी 12 व्होल्ट या 12 ओहमच्या जोडीला द्या. बॅटरी किंवा मोबाइलचा चार्जर इथे कामाचा नाही. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. आता तीन तारांतल्या दोन टोकांत 2.5 व्होल्ट आले आणि तिसरीपासून दोन्हीकडे 1.25, तर तिसरी सेंटर टॅप. 12 भागिले 1.25 म्हणजे 9.6, 230 ला 9.6 ने भागा, 24 येतात. झाला 24-0-24. उरलेल्या जोडीत 0.6 आले तर ती 12 व्होल्टची, प्रीअँपसाठी. हेच 12 व्होल्ट चुकून 24 च्या गुंडाळीला दिले तर पलीकडे 115 व्होल्ट उभे राहतात, म्हणून ओहमचा पाढा आधी. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका. त्यात 2000 व्होल्टच्या आसपास असतात. माणूस जागेवर जातो.

सगळी टोकं टेपने वेगळी झाकली की मगच लाइन, तीही सिरीज बोर्डातून, म्हणजे वाटेत बल्ब घालून. त्यात 60 वॉटचा जुना, तारेचा बल्ब हवा. एलईडीचा उपयोग नाही. स्विच टाकताच बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे किंवा जोडी चुकली आहे. लगेच बंद करा.

आता बल्ब काढून फ्यूजमार्फत थेट लाइन देऊन मोजा, पण सेकंडरीबरोबर लाइनही मोजा. आपल्याकडे विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज 200 वर येतं आणि मध्यरात्री 250 वर चढतं. 200 वर 21 दिसले म्हणून ट्रान्सफॉर्मर 21 चा होत नाही; 230 ला तो 24 चाच आहे. आयसी निवडायचा तो 250 चा हिशेब धरून, कारण जागरण रात्रीचंच असतं. तेव्हा सेकंडरी 26 वर जाते. त्याला 1.41 ने गुणा, डायोडचे 0.7 वजा करा, दोन्ही बाजूंना साधारण 36 व्होल्ट डीसी मिळतात. टीडीए 7294 ला अधिक-उणे 40 पर्यंत चालतं, त्याला हा जमतो. टीडीए 2030 ची मर्यादा अधिक-उणे 18, तो पहिल्याच रात्री जाईल. कपॅसिटर 50 व्होल्टचेच घ्या. 35 चे थोडे स्वस्त पडतात, पण इथे ते फुगतील.