घड्याळ की तुतारी? वसमतचा ‘तळ्यात-मळ्यात’ मतदार आणि आपल्याकडे नसलेली प्रायमरी

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतमध्ये घड्याळ चिन्हावर चंद्रकांत ऊर्फ राजू नवघरे उभे होते आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर जयप्रकाश दांडेगावकर.

आता जरा मागे जा. २०१४ ला याच वसमतमध्ये घड्याळावर लढले होते दांडेगावकर. २०१९ ला घड्याळावर लढले आणि जिंकले नवघरे. म्हणजे ज्या घरात दोन्ही वेळा घड्याळाचं बटण दाबलं गेलं, त्या घराला २०२४ ला प्रश्न पडला, आता आपलं माणूस कोण? चिन्ह एकीकडे, शरद पवार दुसरीकडे आणि दोन्ही उमेदवार ओळखीचे.

बरं, वसमतकरांवर ही वेळ वर्षात दुसऱ्यांदा आली होती. २६ एप्रिलला लोकसभेला हिंगोलीत धनुष्यबाणावर बाबुराव कदम कोहळीकर आणि मशालीवर नागेश पाटील आष्टीकर होते. तिथे शिवसेना विरुद्ध शिवसेना, इथे राष्ट्रवादी विरुद्ध राष्ट्रवादी.

प्रायमरी म्हणजे काय?

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायला मुख्य निवडणुकीआधी एक वेगळी निवडणूक होते. तिला प्रायमरी म्हणतात. एकाच पक्षाचे इच्छुक एकमेकांवर तुटून पडतात, मतदार त्यातला एक निवडतात आणि मग तो दुसऱ्या पक्षाशी लढतो.

ज्याचं ठरलेलं नाही, त्याची सोयही काही राज्यांत असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत १ लाखाहून जास्त लोकांनी ‘अनकमिटेड’, म्हणजे ‘आम्ही कुणालाच बांधील नाही’, या पर्यायावर मत दिलं. गाझा युद्धावरून बायडन यांच्यावर असलेली नाराजी त्यांनी पक्षातच राहून मोजून दाखवली.

आपल्याकडे तिकीट कोण ठरवतं?

थोडक्यात सांगायचं तर, एबी फॉर्म. ‘ए’ फॉर्म सांगतो की पक्षाच्या वतीने सही कोण करणार. ‘बी’ फॉर्म सांगतो की उमेदवार कोण. हे दोन कागद वेळेत पोचले की झाला अधिकृत उमेदवार. तो कसा निवडायचा, यासाठी कायद्यात कुठलीही सक्ती नाही.

हिंगोलीचंच उदाहरण घ्या. मार्च २०२४ च्या अखेरीस शिंदेंच्या शिवसेनेने तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांना उमेदवारी जाहीर केली. स्थानिक भाजपमधून विरोध झाला आणि काही दिवसांतच नाव बदलून कोहळीकरांचं आलं. या सगळ्या घडामोडीत मतदाराला कुणी विचारलं नाही.

प्रयोग झालाच नाही, असं नाही. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने काही मतदारसंघांत प्रायमरी घेतली. त्यात आपले वर्धा आणि लातूर होते. पण मतदान पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरतंच होतं. दोन्ही जागा काँग्रेस हरली आणि हा प्रयोग पुढे रुजला नाही.

मग पक्ष कुणाचा, हे कुणी ठरवलं?

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. ६ फेब्रुवारी २०२४ ला निवडणूक आयोगाने नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिलं. आधार होता, आमदार-खासदार कुणाकडे जास्त आहेत. विधानसभेत राष्ट्रवादीच्या ५३ पैकी ४१ आमदार अजित पवारांकडे होते. शिवसेनेच्या वेळीही हाच निकष निर्णायक ठरला.

यात एक मेख आहे. हे आमदार २०१९ ला निवडून आले, तेव्हा पक्ष एकच होता. मतं एकत्र पक्षाला पडली होती, पण फुटीनंतर ती आमदारासोबत हलली. घड्याळाचा वाद २०२४ च्या मतदानापर्यंतही मिटला नव्हता. चिन्ह न्यायप्रविष्ट आहे, असं जाहिरातीत लिहायला सुप्रीम कोर्टाने अजित पवार गटाला सांगितलं होतं.

म्हणजे जी भांडणं प्रायमरीत उरकायची, ती थेट मतदान यंत्रावर आली. आणि त्यांचा निकाल लावायचं काम मतदारावर पडलं.

‘तळ्यात-मळ्यात’ असणं चूक आहे का?

मोंढ्यात हळद घेऊन आलेल्या शेतकऱ्याला दोन्हीकडचे कार्यकर्ते भेटतात. दोघेही पाहुण्यातलेच. एकाला हो म्हटलं की दुसरा रुसतो. मग माणूस ‘बघू’ म्हणतो. याला लोक गोंधळलेला मतदार म्हणतात. खरं तर त्याच्यासमोर दोन प्रश्न एकाच बटणावर ठेवलेले असतात. पक्षाचा खरा वारस कोण? आणि पुढची पाच वर्षं हळदीचा भाव, पाणी, रस्ता यासाठी भांडणार कोण?

पहिल्या प्रश्नावर सभा गाजतात. पण बटण दाबून आपण निवडतो तो दुसऱ्याचं उत्तर. म्हणून हे दोन प्रश्न वेगळे करा, अर्धा गुंता सुटतो.

हाताशी काय आहे?

पहिलं, शपथपत्र. प्रत्येक उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे त्यात असतात. आयोगाच्या ॲपवर ते मोबाईलवर दिसतं.

दुसरं, तिकिटाचं कारण. उमेदवारावर गुन्हे प्रलंबित असतील तर त्यालाच का निवडलं, हे पक्षाने जाहीर करावं, असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितलं. ‘निवडून येऊ शकतो’ एवढं कारण चालत नाही.

तिसरं, नोटा. पण लोकसभा-विधानसभेला नोटाला सर्वाधिक मतं पडली, तरी पुढचा उमेदवारच जिंकतो. नाराजी मोजली जाते, निकाल बदलत नाही.

वसमतमध्ये शेवटी नवघरे जिंकले. लोकसभेला हिंगोलीतून मशाल जिंकली होती. सात महिन्यांनी जिल्ह्यातल्या हिंगोली, कळमनुरी आणि वसमत या तिन्ही जागा महायुतीकडे गेल्या. त्यामुळे ‘बघू’ म्हणणाऱ्याला कुणी गृहीत धरू नये. आणि त्यानेही ‘बघू’ म्हटल्यावर खरंच बघावं. शपथपत्र उघडायला पाच मिनिटं लागतात, आमदार पाच वर्षांसाठी असतो.