तिथी विचारणारा तांडेल

गेल्या महिन्यात मोबाइलवर एक रंगीत पत्रक आलं. वर निळाशार समुद्र, खाली यादी : डॉल्फिन दर्शन, बनाना राइड, बंपर, जेट स्की, पॅरासेलिंग, स्कूबा. अगदी तळाला, जागा उरली म्हणून टाकल्यासारखं, ‘फिशिंग (ग्रुप) – ३० मिनिटं’. आणि त्याखाली प्रश्न : ‘सर, किती पॅक्स?’

पाठवणारा मुलगा देवबागचा. वीस वर्षांपूर्वी तो आठ वर्षांचा होता, मला काका म्हणायचा आणि डब्यात जिवंत कोळंबी घेऊन होडीच्या कडेने गुडघाभर पाण्यातून धावायचा. त्याने ‘सर’ म्हटल्याचं वाईट वाटलं की ‘पॅक्स’ म्हटल्याचं, यावर मी एक दिवस घालवला. मग कळलं, बोचलं ते तिसरंच होतं. त्याच्या वडिलांनी, म्हणजे होडीचे तांडेल असलेल्या आमच्या तात्यांनी, पहिल्या फोनवर वेगळाच प्रश्न विचारला होता. मी म्हटलं होतं, बारा तारखेला आम्ही नऊ जण येतोय, गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, न्याल का? पलीकडून उत्तर आलं, “तारीख कित्याक? तिथी सांगा.”

तिथीपासून पॅक्सपर्यंतचा मागोवा घ्यायचा तर फार मागून घेता येईल. १९८७ साली मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा ठरला, १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. या सनावळीचा मला मनापासून कंटाळा आहे. त्या वर्षांत मी बँकेच्या काउंटरवर बसून नोटा मोजत होतो, एवढंच तिच्याबद्दल सांगता येईल. एक मात्र खरं, रेल्वे नसती तर आम्ही नऊ कारकून रात्री कोकणकन्येत बसून सकाळी कुडाळला उतरलो नसतो.

तर तिथी. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली नदी. टोकाला दोघांची गाठ पडते, पलीकडे भोगवे. या मुखावर मासा कधी लागणार हे घड्याळावर नसतं, पाण्याच्या ओढीवर असतं. तात्यांचा हिशेब किनाऱ्यावरचे जुने लोक करतात तोच : तिथीला पाऊणने गुणायचं, आली भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्तच पुढे सरकते, म्हणून हे गणित ढोबळ, पण होडी सोडायला पुरतं. उरलेली दुरुस्ती ते डोळ्याने करत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला इतकी ओढ की शिसं तळाला ठरत नाही आणि पाणी गढूळ. अष्टमीच्या भांगाला पाणी मेल्यासारखं. दशमी-एकादशी त्यांच्या आवडीची. सकाळी सात-आठच्या सुमारास भरती पूर्ण, मग सुकती लागते, खाडीतली कोळंबी आणि बारकी मासळी पाण्याबरोबर बाहेर पडते आणि मुखाशी चोणक टपून बसलेला असतो. चोणक म्हणजे अलिबागकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच.

म्हणून आमची पहिली फेरी पडली १२ नोव्हेंबर २००५ ला. शनिवार होता, पण तो योगायोग. खरं म्हणजे ती कार्तिकी एकादशी होती. नऊ जणांत एकाचा कडक उपास. मासे धरायला त्याची हरकत नव्हती, खायला होती. आणि दर्याला विनोदबुद्धी असते : त्या दिवशीची सगळ्यांत मोठी तांबोशी त्याच्याच गरीला लागली. दुपारी आम्ही ती खाल्ली आणि त्याने साबुदाण्याची खिचडी खात आमच्या ताटांकडे पाहिलं. आजही तो ही गोष्ट सांगत नाही, मलाच सांगावी लागते.

आमच्याकडे रॉड नव्हते, रीळ नव्हतं. तंगूस, शिसं, गरी आणि दोरी गुंडाळायला लाकडाचा तुकडा. दोरी तर्जनीवरून सोडायची आणि बोटाने ऐकायचं. शिंगाळा ओढतो तो अडाण्यासारखा, तांबोशी एकच हिसका देते आणि खडपात शिरते, चोणक आधी चोखून बघतो. हे तात्यांनी शब्दांत कधी सांगितलं नाही. ते फक्त आमचं बोट आपल्या बोटाखाली धरायचे आणि नेमक्या वेळी दाबायचे. बहुतेकांच्या नशिबी पहिला आला तो केंड. होडीत आल्याबरोबर फुग्यासारखा फुगला आणि सगळे त्याच्याभोवती जमले. तात्यांनी गरी काढून त्याला परत टाकला आणि म्हणाले, “बडबड करू नकात, मासो आयकता.” मासा ऐकतो की नाही ते मला माहीत नाही. नऊ बँकवाले अडीच तास गप्प बसले, हे मात्र मी पाहिलं.

पुढल्या दहा वर्षांबद्दलच मला लिहायचं आहे. बाकीचं भरताड आहे.

वर्षातून दोनदा जायचो. नऊचे चौदा झाले, चौदाचे बावीस. बावीस माणसं गरवायला नेणं हे लग्नाच्या पंगतीपेक्षा अवघड काम. पाच होड्या, प्रत्येकीत चार-पाच जण, एका बाजूला दोघांच्या वर कोणी दोरी टाकायची नाही, नाहीतर सगळ्या दोऱ्यांचा एक गुंता होतो आणि सुकती तो सोडवण्यात निघून जाते. तात्या माणसं वयावरून बसवत नसत, तोंडावरून बसवत. आदल्या रात्री जेवताना ते आमच्याकडे बघत राहायचे, आणि सकाळी बडबडे सगळे शेवटच्या होडीत, वाऱ्याखाली. आमचे मॅनेजर साहेब सलग तीन वर्षं त्या होडीत होते आणि त्यांना त्याचं कारण निवृत्तीपर्यंत कळलं नाही. एकदा एका नवख्याने शिंगाळा मुठीत धरला, काटा तळहातात गेला आणि माणूस पांढरा पडला. तात्यांच्या बायकोने, वैनींनी, सोसवेल इतक्या कडक पाण्यात त्याचा हात बुडवून ठेवला. अर्ध्या तासाने तो चहा मागू लागला.

संध्याकाळी किनाऱ्यावर रापण लागलेली असली की आम्ही दोर धरायला जायचो. दोन्ही टोकांना पन्नासभर माणसं, पाय वाळूत रोवून, अंगाला अंग लावून. मोठ्या गटाने मासेमारी कशी करतात ते शिकायला आम्ही मुंबईहून येत होतो आणि इथे ती पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. दोराला हात लावला त्याला वाटा, असा रिवाज. बँकेत बोनस कमी मिळाला म्हणून भांडणारे आमचे लोक, वाळूवर समोर ठेवलेले सहा बांगडे घेताना लाजले.

२००९ चा नोव्हेंबर. आमची फेरी १४ तारखेची होती. बुधवारी, ११ ला, फयान चक्रीवादळ आलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किती होड्या बाहेर होत्या याची बातम्यांत अजून नीट मोजदादही नव्हती. रात्री तात्यांचा फोन आला, एवढंच बोलले, “येव नकात. आमची माणसा अजून येवक नाय.” दुसऱ्या दिवशी आमच्या गटाच्या खजिनदाराने मला विचारलं, आगाऊ दिलेले पैसे परत मिळतील ना? मिळाले. तात्यांनी न मागता, महिन्याभरात, सगळे पाठवले. त्या खजिनदाराशी मी आजही बोलतो, पण ते वाक्य मी त्याच्या खात्यावर मांडून ठेवलेलं आहे.

दुसरी नोंद माझ्याच खात्यावर. २०१२ साली अकरा किलोचा चोणक लागला. दोरी माझी होती, ओढला दोघांनी. होडीत आल्यावर तात्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, “म्हातारी आसा ती. सोडून देवा.” आम्ही हसलो. फोटो निघाले, मासा कापला गेला, एकवीस माणसं जेवली. पुढे कित्येक वर्षांनी मत्स्यशास्त्रातल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की हा मासा आधी नर असतो आणि वाढत्या वयात मादी होतो. म्हणजे सगळ्यांत मोठी ती बहुधा मादीच. तात्या शाळेत चौथीपर्यंत गेले होते. तो फोटो माझ्या घरी भिंतीवर होता, आता नाही.

याच काळात पाणी बदलत होतं. रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसू लागली. पर्ससीनवाले मोठी जाळी टाकून थवेच्या थवे उचलत, नंतर एलईडीचे झोत आले. रापणीत जिथे टोपल्या भरायच्या तिथे दोर ओढून वाळू आणि जेलीफिश वर येऊ लागले. रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यात जो संघर्ष झाला तो मालवणात कोणी विसरलेलं नाही. राज्य सरकारने २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात एलईडी मासेमारीवर बंदी घातली. कागद चांगले आहेत. दिवे मी त्यानंतरही पाहिले आहेत.

पण आमच्या फेऱ्या पर्ससीनने मारल्या नाहीत. त्या मारल्या बँकेच्या सुटीने. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा झाला. संघटनेने बरीच वर्षं लढून मिळवलेली गोष्ट, आणि त्या मोर्च्यांत मीही होतो. त्याआधी देवबागला जायचं म्हणजे रजा टाकावी लागे, आणि रजा टाकायचीच तर ती एकादशी बघून टाकता येई. आता सगळ्यांना एकदम सुटी, म्हणून सगळ्यांनी दुसऱ्या शनिवारीच जायचं ठरलं. त्या पहिल्या मोकळ्या हिवाळ्यात आम्ही एक्केचाळीस जण होतो. मी तात्यांना तारीख सांगितली. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “माशाक शनिवार कळना नाय.”

गेलोच आम्ही. आठ होड्या. एका होडीत ब्लूटूथ स्पीकर. दोऱ्यांचा असा गुंता झाला की तात्यांनी सरळ सुरी काढली. एक्केचाळीस माणसांत चार शिंगाळे, दोन केंड आणि एक चप्पल. परतताना कोणी तरी म्हणालं, एवढ्या पैशांत बाजारातून सुरमई आली असती. ते खरं होतं. तात्यांनी ते ऐकलं, हेही खरं. पुढच्या वर्षी त्यांनी होडी मुलाच्या हाती दिली.

त्यानंतरचं झरझर सांगतो. मुलाने मोठी बोट घेतली आणि त्सुनामी बेटाच्या फेऱ्या सुरू केल्या. २००४ च्या त्सुनामीत वर आली म्हणतात ती वाळूची पट्टी. आमच्या पहिल्या फेरीला तिथे फक्त बगळे होते. २०२० गेलं टाळेबंदीत, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळाने माड झोपवले, त्याच ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला. २०२२ च्या मेमध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. आमच्या त्या सोन्यासारख्या दहा वर्षांत कुणाच्याच अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, हे मी इथे लिहून ठेवतो. आज मुलगा ते घातल्याशिवाय कोणाला बोटीत पाय ठेवू देत नाही. एवढ्या बाबतीत तो बापापेक्षा शहाणा आहे आणि आमच्यापेक्षा तर नक्कीच.

त्याच्यावर राग धरण्याचा मला हक्क नाही. त्याचं पक्कं घर झालं, बहिणीचं शिक्षण झालं, आणि ते गरवण्यावर झालं नसतं. तरी राग येतो. तीस मिनिटांत काय होतं? दहा मिनिटं जागेवर जायला, दहा परत यायला. मधल्या दहांत पर्यटकाच्या हातात रॉड देतात, आमिष लावून देतात, फोटो काढतात. मासा लागणं त्यात गृहीतच नाही. ज्या माणसाला पाण्याखालचं दिसत होतं, त्याच्या घरातला मुलगा आता बोटीचा ड्रायव्हर आणि छायाचित्रकार झाला आहे. आणि गिऱ्हाईक बिघडवलं कोणी? एक्केचाळीस जणांची यादी करून पाठवणारा मीच होतो.

पत्रकाला मी उत्तर दिलं : ‘या महिन्यात एकादशी कधी येते रे?’ बराच वेळ दोन निळ्या खुणा तशाच. मग आलं, ‘सर, त्या दिवशी नॉनव्हेज नको का? व्हेज थाळी अरेंज करू.’

रात्री त्याच मोबाइलवरून फोन आला. या वेळी तात्या होते. मुलाने त्यांना विचारलं असणार. आता डोळ्यांना कमी दिसतं, पण बोट शाबूत आहे, म्हणाले. जुनी पात, म्हणजे छोटी होडी, अजून आहे, मशीन दुरुस्त करून घेतलंय. किती जण, हे त्यांनी विचारलंच नाही. पातीत तात्यांशिवाय पाचच माणसं मावतात, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

तुम्हाला जायचं असेल तर एवढं करा. पंचांग बघा, रजा टाका, पाच जण मिळून जा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. सहावा तयार झाला तर त्याला पुढच्या एकादशीला न्या.