द्राक्षनिर्यात : संगणकीय नोंदींतून नुकसानीस आळा

द्राक्ष हे अत्यंत नाशवंत फळ. नाशिक वा सांगली जिल्ह्यातील बागेतून निघालेली पेटी सागरी मार्गाने युरोपात पोहोचण्यास काही आठवडे लागतात. तेथे माल नाकारला गेल्यास तो परत आणणे परवडत नाही आणि बागायतदाराचे वर्षभराचे श्रम व भांडवल वाया जाते. म्हणूनच मालातील दोष बागेतच उघडकीस येणे अगत्याचे ठरते.

२००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश आढळले. त्यानंतर निर्यातक्षम बागांसाठी अंश-तपासणीची व्यवस्था सुरू झाली. या व्यवस्थेला संगणकीय जोड देणारी ‘ग्रेपनेट’ प्रणाली अपेडाने २००६-०७ च्या सुमारास कार्यान्वित केली. तीत कृषी विभागाकडे नोंदणी झालेल्या प्रत्येक बागेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा काढणीपूर्वी नमुना घेऊन निष्कर्ष प्रणालीवर नोंदविते. अंश मर्यादेबाहेर असल्यास त्या बागेच्या मालाचा युरोपचा मार्ग तेथेच थांबतो. पुढे पॅकहाऊस, ॲगमार्क प्रतवारी व वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र यांच्या नोंदी त्याच क्रमांकाशी जोडल्या जातात. त्यामुळे तक्रार आल्यास मूळ बागेपर्यंत पोहोचता येते व एका बागेच्या दोषाची झळ इतरांना बसणे टाळता येते.

तथापि, नोंद तपासणीइतकीच विश्वसनीय असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. हे रसायन तपासणीच्या यादीत नसल्याने प्रयोगशाळेचे अहवाल निर्दोष होते. तरीही बागायतदार व निर्यातदारांना मोठा फटका बसला. आयातदार देशांच्या बदलत्या निकषांनुसार यादी अद्ययावत ठेवणे किती आवश्यक आहे, हे यातून स्पष्ट झाले.

नुकसानीचे दुसरे कारण तापमान हे होय. काढणीनंतर काही तासांतच द्राक्षे थंड करून पुढे शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावी लागतात. कंटेनरमधील तापमाननोंदक मुक्कामी उघडला, तर चूक कोठे झाली एवढेच कळते. वाटेतच इशारा देणाऱ्या उपकरणांमुळे मात्र माल वाचविण्याची संधी मिळते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा लांबलेल्या प्रवासात ही गरज तीव्रतेने जाणवली.

ग्रेपनेटच्या धर्तीवर डाळिंब, आंबा व भाजीपाल्यासाठीही ‘हॉर्टीनेट’द्वारे अशी व्यवस्था झाली आहे. तपासणीचा निष्कर्ष आणि निकषांतील बदल लहान बागायतदारालाही फवारणीपूर्वी व काढणीपूर्वी, त्याच्या भाषेत समजले, तरच या तंत्रज्ञानाचा खरा लाभ त्याच्या पदरी पडेल.