दोन आकडे

आकडा म्हणजे काय? एक तर वहीत लिहितो तो. दुसरा, आंब्याची फांदी ओढायला काठीच्या टोकाला बांधतो तो! आज दोन्हींची गोष्ट. चला, चीनमध्ये एका काढ्याच्या भांड्यापाशी.

थांबा, आधी मनगट पुढे करा. अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ओळीने टेकवा. लागली टकटक? चिनी वैद्य अशीच तीन बोटं ठेवून दोन्ही हातांची नाडी बघतात. वांग शूहे नावाच्या वैद्याने तर तिसऱ्या शतकात नाडीवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यात नाडीचे २४ प्रकार! एक नाडी वाद्याच्या ताणलेल्या तारेसारखी. रक्तदाब वाढलेल्या माणसाची नाडी बऱ्याचदा अशी लागते, असं चिनी वैद्य म्हणतात. त्याला चक्कर आली, डोकं ठणकलं, की त्यांच्या भाषेत अंगात ‘वारा’ उठलेला असतो.

हा वारा शांत करायला ते थ्येनमा-गोउथंग काढा देतात. जिन्नस ११. सगळे एकदम भांड्यात टाकायचे? छे! आधी मान शिंपल्याचा. हो, शिंपलाच! एका समुद्री गोगलगाईचा, कानाच्या आकाराचा, आतून मोरपिसासारखा चमकणारा. टणक ना, म्हणून तो आधीपासून उकळत ठेवायचा.

मग येतो थ्येनमाचा कंद. हे एक ऑर्किड, पण अंगावर एकही हिरवं पान नाही! मग जेवतं काय? जमिनीतली एक बुरशी कंदात शिरते, आणि हा पठ्ठ्या तिलाच पचवून टाकतो. पाहुणी आली आणि पानात वाढली गेली!

सगळ्यांत शेवटी, भांडं उतरवायच्या जरा आधी, गोउथंग. ही वेल देठावरच्या वाकड्या आकड्यांनी झाडांना धरत वर चढते. औषधात घालतात ते आकडेवाले देठच. फार उकळले तर गुण जातो म्हणे. आमटीत कोथिंबीर शेवटी घालतो ना, तसंच.

हा झाला पहिला आकडा. दुसरा कुठाय?

वांग शूहेच्या बोटांना तार ताणलेली कळायची, पण नेमकी किती? ते बोटं कशी सांगणार? १८९६ साली इटलीच्या रीवा-रोच्ची या डॉक्टरांनी दंडाला बांधायचा पट्टा काढला. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोतकॉव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकला. तेव्हापासून वरचा आणि खालचा, दोन्ही दाब मोजता येऊ लागले. म्हणजे १२०/८० वगैरे.

मग वेलीच्या आकड्याने पट्ट्यावरचा आकडा उतरतो का? तपासणी चालू आहे, पण ठाम ‘हो’ म्हणावं इतका भक्कम पुरावा अजून जमलेला नाही. म्हणून आजोबांच्या गोळ्या बंद करून काढा उकळायचा नाही हं!

आपल्याकडच्या सर्पगंधा या औषधी वनस्पतीची मात्र अशी परीक्षा झाली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांना ती देऊन रक्तदाब मोजला आणि १९४९ मध्ये निकाल छापला. मग सगळ्या जगाने तिची दखल घेतली. मुळी जुनीच होती बरं का. नवा होता तो दंडावरचा पट्टा!