शाळा सोडून गेलेल्या मुली

मुलींच्या एखाद्या जुन्या शाळेचें जनरल रजिस्टर पाहण्याचा योग आला, तर तें अवश्य पाहावें. जाड पुठ्ठ्याची, रुंद पानांची ती वही असते. तींत मुलीचें नांव, बापाचें नांव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, पूर्वींची शाळा, प्रवेशाचा दिवस, अभ्यास, वर्तणूक असे रकाने ओळीनें आंखलेले असतात. शेवटीं शाळा सोडल्याची तारीख येते आणि शाळा सोडण्याचें कारण येतें. तेथें ओळ संपते. मुलगी दाराबाहेर पडली कीं दप्तराच्या लेखीं ती नाहींशी झाली. ज्या शिक्षणासाठीं एवढा खटाटोप करावयाचा, त्याचें फळ जेथें दिसावयाचें तेवढाच भाग वहींत लिहिला जात नाहीं. आज मी त्या नसलेल्या रकान्याविषयीं बोलणार आहें.

आपण म्हणाल, मुलगा शाळा सोडून गेला तरी हेंच घडतें. घडतें खरें, परंतु त्याचें नांव त्याच्याबरोबर जातें. पुढें तो मामलेदार होवो, वकील होवो कीं किराणा मालाचें दुकान घालो, वीस वर्षांनीं मास्तरांनीं शोध केला तर तो त्याच नांवानें सांपडतो. मुलीची गोष्ट निराळी. लग्नांत तिचें आडनांव बदलतें, बापाच्या नांवाच्या जागीं नवऱ्याचें नांव येतें, आणि आपल्याकडे कित्येक घरांत ताम्हनांतील तांदळांवर अंगठीनें नवें नांव लिहून तिचें पहिलें नांवहि पुसलें जाई. तीन शब्दांच्या नांवांतील तिन्ही शब्द बदलले, तर शाळेनें तिला हांक मारावी तरी कोणत्या नांवानें?

याचें उत्तम उदाहरण पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत सांपडतें. मुंबईस ११ मार्च १८८९ रोजीं सदन उघडलें, तेव्हां अगदीं पहिल्या विद्यार्थिनींत देवरुखच्या जोशांची एक बालविधवा मुलगी होती. माहेरची ती गोदूबाई जोशी, सासरची नातू. पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. लोक तिला बाया कर्वे म्हणूं लागले. तिची धाकटी बहीण माहेरची कृष्णा. तीच पार्वतीबाई आठवले. हिंगण्याच्या आश्रमासाठीं गांवोगांव फिरून वर्गणी गोळा करणारी आणि १९१८ सालीं इंग्रजीचें पुरेसें ज्ञान नसतांना अमेरिकेस जाणारी बाई ती हीच. या दोघींचा धागा आज आपणांस जुळवितां येतो, कारण दोघींचीं आत्मचरित्रें छापलीं गेलीं. पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ सालीं निघाली, आनंदीबाईंचें ‘माझे पुराण’ १९४४ सालीं. तीं निघालीं नसतीं, तर कोणा संशोधकानें गोदूबाई नातू आणि बाया कर्वे या दोन निरनिराळ्या स्त्रिया समजून दोन टिपा लिहिल्या असत्या.

त्याहून मागें जावयाचें, तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यांतील शाळेंतली मुक्ता डोळ्यांपुढें येते. मांग जातींतील या चौदा वर्षांच्या मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदयां’त छापला गेला. आपल्याला ती जी माहीत आहे ती त्या निबंधापुरतीच. शाळेच्या पोरीनें लिहिलेलीं कांहीं पानें टिकलीं; तिनें पुढें जगलेलें आयुष्य कोणी टिपून ठेवलें नाहीं. हें वाचतांना मला नेहमीं हळहळ वाटते.

आतां कोणी विचारील, ही चौकशी हवी कशाला? मुलगी शिकली, सुखी झाली, पुरे झालें. परंतु मुलींच्या शाळांच्या बाबतींत हा निव्वळ कुतूहलाचा प्रश्न कधींच नव्हता. पुण्यास १८८४ सालीं वामन आबाजी मोडक, न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनीं मुलींसाठीं हायस्कूल काढलें. पुढें पेशव्यांच्या घोड्यांची पागा जेथें होती त्या जागेंत तें गेलें, आणि हुजुरपागा हेंच नांव लोकांच्या तोंडीं बसलें. शाळेस दोन वर्षें होतात न होतात तोंच, १८८६ सालीं, नारायण बापूजी कानिटकर यांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ निघाली आणि शिकलेल्या मुलींची टर उडविली गेली. शाळेचा अभ्यासक्रम आणि अकरा ते पांच ही वेळ मुलींच्या संसाराच्या कामाची नाहीं, अशी टीका १८८७ सालीं टिळकांच्या पत्रांतूनहि झाली. सगळ्या वादाचा रोख एकच होता: या मुलींचें पुढें काय होणार? नाटककारानें आपलें उत्तर कल्पनेनें रचलें. खरें उत्तर देण्यास त्या मुली मोठ्या होऊन आपापल्या घरीं नांदाव्या लागणार होत्या, आणि त्याची नोंद कोणीतरी ठेवावी लागणार होती. नोंद नसेल तर टर उडविणाराचेंच म्हणणें शिल्लक राहतें.

संस्थांच्या अहवालांत माजी विद्यार्थिनींचा एखादा परिच्छेद असतो, नाहीं असें नाहीं. परंतु त्यांत कोण येतें, हें पाहावें. इरावती कर्वे येतात. ब्रह्मदेशांत जन्मलेली, लहानपणींच हुजुरपागेच्या वसतिगृहांत राहावयास आलेली ही करमरकरांची मुलगी पुढें बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आली आणि मानववंशशास्त्रांत मोठी झाली. अशी विद्यार्थिनी कोणत्या शाळेस नको असेल! तिची हकीकत लिहिणें सोपें आहे. ती आपोआप कानांवर येते. मला जी हकीकत मोलाची वाटते ती मधल्या मुलींची, ज्या पदवीपर्यंत पोंचल्या नाहींत आणि लहान गांवीं गेल्या.

अशा एकीची गोष्ट सांगतें. ती थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे.

पुणें जिल्ह्याच्या आग्नेय टोंकास बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आहेत. दक्षिणेस नीरा, पूर्वेस भीमा, आणि नीरा-नरसिंहपुरास या दोघींचा संगम. पाऊस बेताचा, १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा झाला तेव्हांपासून कालव्याखालची जमीन हिरवी आणि वरची जिराईत, असा या भागाचा दुरंगी नकाशा झाला. बारामती ही मोरोपंतांची. विद्येचें तिला वावडें नव्हतें, पण ती विद्या माजघरापर्यंत येण्यास फार काळ लागला.

या मुलुखांत १९२६ सालीं एक मुलगी सून म्हणून आली. ती मूळची कोल्हापूरकडील गोलिवड्याची, भोसल्यांची शारदा, जन्म १९११ सालचा. थोरल्या बहिणीच्या यजमानांनीं तिला पुण्यास आणून सेवासदनांत घातलें होतें. सेवासदन ही रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनीं १९०९ सालीं उभी केलेली संस्था. तेथें मोठ्या वयाच्या बायकांना अक्षरओळख करून देत, विधवांना शिक्षकिणी आणि परिचारिका होण्यास तयार करीत. नुसतें पुस्तक शिकवून तेथें भागत नसे. चार लोकांत उभें राहून बोलण्याची, हिशेब ठेवण्याची, सभा चालविण्याची संवयहि बायकांना तेथें लागे. पुण्यांत सक्तीचें शिक्षण मुलांपुरतेंच ठेवण्याची भाषा निघाली, तेव्हां १९२० सालीं मुलींसाठीं मोर्चा काढणाऱ्या रमाबाई त्या याच.

शारदाबाई गोविंदराव पवारांच्या घरीं काटेवाडीस आल्या आणि शेतांत, गोठ्यांत, मुलाबाळांत बुडाल्या. सात मुलगे आणि चार मुली असा त्यांचा संसार. रजिस्टरांत या विद्यार्थिनीची नोंद ‘शाळा सोडली, कारण विवाह’ एवढीच होऊं शकली असती. परंतु १९३८ सालीं त्या पुणें जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या आणि १९५२ पर्यंत तेथें राहिल्या. रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा यांचा कारभार पाहणारें तें बोर्ड; तेथें पागोट्यांच्या मेळ्यांत एक बाई बसे. डिसेंबर १९४० मध्यें त्यांना मुलगा झाला. तो तीन दिवसांचा असतांना बोर्डाची सभा आली. बाळंतीण बाई तान्ह्या मुलाला घेऊन मोटारींतून पुण्यास गेली आणि सभेस बसली. काटेवाडीहून पुणें शंभर किलोमीटरांहून अधिक आहे. आणि त्या काळचे रस्ते! हें तान्हें मूल म्हणजे शरद पवार. ही हकीकत त्यांनींच आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे.

मुलगा राजकारणांत प्रसिद्ध झाला आणि त्यानें लिहिलें, म्हणून ही गोष्ट आपणांस कळली. जिचा मुलगा प्रसिद्ध झाला नाहीं, तिच्या प्रवासाचें काय? सेवासदनासारख्या संस्थांतून शिकून गेलेल्या किती बाया कोणत्या गांवीं पंचायतींत बसल्या, कोणीं भावकीच्या खटल्यांतील कागद वाचून जमीन वांचविली, कोणीं बाळंतपणांत शेजारणीचा जीव वांचविला, हें त्या त्या घरांतच राहिलें. मला तर वाटतें, शाळेच्या खऱ्या यशाचा बराच भाग असा घरोघर विखुरलेला आहे.

इंदापूरची गोष्ट याहून वेगळी आहे. तेथें १२ ऑक्टोबर १९२२ रोजीं शांता शेळके यांचा जन्म झाला. वडील वनखात्यांत, त्यामुळें बिऱ्हाड गांवोगांव फिरतें. वडिलांच्या मृत्यूनंतर कुटुंब पुण्यास आलें, आणि ही मुलगी हुजुरपागेंत दाखल झाली. पुढें स. प. महाविद्यालय, मराठी घेऊन एम. ए., आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुगां’त उमेदवारी, नागपूरचें हिस्लॉप कॉलेज, मुंबईचें रुइया. त्यांच्या कथांचें पहिलें पुस्तक १९४४ सालीं निघालें, ‘वर्षा’ हा पहिला काव्यसंग्रह १९४७ सालीं. आळंदीस १९९६ सालीं भरलेल्या साहित्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. २००२ च्या जूनमध्यें त्या गेल्या. त्यांनीं विवाह केला नाहीं, म्हणून शाळेच्या वहींतलें नांव शेवटपर्यंत तेंच राहिलें. शोधणाराची तेवढी सोय झाली. गंमत अशी कीं नांव बदलण्याची पाळी त्यांच्यावरहि आली, पण ती स्वखुषीनें, आणि तेंहि पुरुषाच्या नांवाकडे. ‘डॉ. वसंत अवसरे’ या नांवानें आलेलीं गीतें पुष्कळांनीं गुणगुणलीं. तीं हुजुरपागेच्या मुलीचीं आहेत, हें कितीजणांना ठाऊक होतें?

तर मग शाळेनें काय करावें? माझें मत असें कीं काम अवघड नाहीं, नेमानें करण्याचें आहे. प्रत्येक माजी विद्यार्थिनीची नोंद माहेरच्या नांवाखालींच ठेवावी आणि सासरचें नांव त्याखालीं जोडावें; उलट करूं नये, कारण मैत्रिणी तिला माहेरच्याच नांवानें ओळखतात. शाळा सोडल्याचें वर्ष आणि गांव हीं दोन्ही हवींत. पत्र पाठवितांना ‘आपण कोणतें यश मिळविलें’ असें विचारूं नये. त्या प्रश्नानें निम्म्या बाया संकोचून उत्तरच देत नाहींत. ‘सध्यां कोठें असतां, दिवस कसा जातो, शाळेंत शिकलेलें काय उपयोगी पडलें, काय पडलें नाहीं’ असें विचारावें. शेवटचा प्रश्न गाळूं नये. एखादी लिहील कीं गणितानें दुकान संभाळतां आलें. एखादी लिहील कीं शाळेंत पाठ केलेल्या सनावळीचा कवडीइतका उपयोग झाला नाहीं, आणि बँकेंत सही कशी करावी हें मात्र कोणीं शिकविलें नाहीं. दुसरें पत्र शाळेस अधिक कामाचें आहे.

हल्लीं वर्गमैत्रिणींचे गट हातांतल्या फोनवर असतात. पन्नास वर्षांनीं सांपडलेली मैत्रीण, नातवाचें बारसें, गुडघ्याचें दुखणें, सगळें तेथें त्याच दिवशीं कळतें. पण फोन बदलला, गट मोडला कीं तें सारें गेलें, आणि शाळेच्या कपाटांत त्यांतलें अक्षरहि येत नाहीं. दर वर्षीं एका मुलीनें तें कागदावर उतरून शाळेस पाठविलें, तर पुरे.

बारामतीजवळ माळेगांवच्या बाजूस शारदानगर आहे. तेथें शारदाबाई पवार महिला महाविद्यालय चालतें. खेड्यांतल्या मुली वसतिगृहांत राहून शिकतात, आणि त्यांच्याहि दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना आहे. बारामती-इंदापुराकडील श्रोत्यांच्या घरांत कोणाची आजी पुण्याच्या शाळेंत एक-दोन इयत्ता शिकून आली असेल, तर तिचें माहेरचें नांव आणि शाळेचें वर्ष आज रात्रीं तिलाच विचारून लिहून घ्यावें. आजी नसेल, तर आत्याबाईंना विचारावें.