होसकोटे: वाटेवरचं पाणी

बेंगळुरूहून जुन्या मद्रास रस्त्याने कोलारच्या दिशेला पंचवीसेक किलोमीटर गेलं की होसकोटे लागतं. तालुक्याचं गाव. बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. अडीचशे वर्षांपूर्वी मात्र इथून जाणाऱ्या फौजांना थांबणं भाग होतं, कारण घोड्यांना, बैलांना आणि हत्तींना पाजायला लागणारं पाणी इथे होतं.

या पठारावर बारमाही मोठी नदी नाही. नंदी डोंगरात उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी होसकोट्याजवळून जाते, पुढे तमिळनाडूत पेन्नैयार होऊन कडलूरजवळ समुद्राला मिळते. पण इथे ती पावसापुरतीच नदी. म्हणून १५९५च्या सुमारास सुगटूरच्या तम्मेगौडाने किल्ला उभारला, गाव वसवलं आणि सोबत भला थोरला तलावही बांधला. जुन्या गॅझेटियरात बांधाची लांबी दोन मैल दिली आहे आणि भरल्या तलावाचा घेर दहा मैल! नुसती प्रदक्षिणा घालायची म्हटली तरी चार तास हवेत.

असं गाव कोण सोडतो? १६३८मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हा मुलूख घेतला आणि बेंगळुरूबरोबर होसकोटेही शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पुढे १७६१मध्ये, पानिपतानंतर मराठ्यांचा हात सैल पडताच निजामाचा भाऊ बसालतजंग याने इथे वेढा घातला. म्हैसूरचा हैदरअली तिथेच येऊन त्याला भेटला आणि तीन लाख रुपयांच्या बोलीवर त्याने शिऱ्याची नवाबी पदरात पाडून घेतली. गंमत म्हणजे शिरा तेव्हा बसालतजंगाच्या ताब्यातच नव्हता!

पण होसकोट्याची खरी कथा ऑगस्ट १७६८मधल्या एका रात्रीची. गुत्तीकर मुरारराव घोरपडे हैदरशी लढणाऱ्या इंग्रजांच्या बाजूने इथे तळ देऊन होते. हैदरच्या घोडेस्वारांनी अंधारात छापा घातला. मुराररावांचा हुकूम विल्क्स या इतिहासकाराने नोंदवला आहे: कोणीही घोड्यावर बसू नये, प्रत्येकाने बांधल्या घोड्यापाशी उभं राहावं, जो स्वार दिसेल तो शत्रू. अंधारात आपला-परका ओळखण्याची याहून सोपी युक्ती मला तरी सुचत नाही. त्या धुमाळीत मुराररावांचा हत्ती जखमी झाला, खुंट तोडून सुटला आणि सोंडेत साखळी धरून ती गरगरा फिरवत हैदरच्या स्वारांवर धावला. स्वार उलटे पळाले ते मागून येणाऱ्या आपल्याच पायदळावर. छापा फसला. हैदरने हे वैर विसरलं नाही. १७७६मध्ये त्याने गुत्ती घेतली आणि मुरारराव कब्बालदुर्गच्या कैदेत वारले.

फौजा गेल्या, रस्ता राहिला. १९९८पासून इथे व्होल्वोचे ट्रक बनू लागले, आजूबाजूला गोदामं आली. २००१च्या जनगणनेत गावची वस्ती सुमारे ३६ हजार होती, २०११मध्ये ती ५७ हजारांच्या घरात गेली. एका दशकात निम्म्याहून जास्त वाढ! पूर्वी माणसं पाण्यापाशी येत, आता कामापाशी येतात. तलावाच्या वाट्याला मात्र वाढत्या वस्तीचं सांडपाणी आणि कचरा येतो, हे वाईट.

मुलगा-सून बेंगळुरूला असतील आणि तिथे जाणं होत असेल, तर एखाद्या रविवारी पहाटेच निघा. होसकोट्याची बिर्याणी उजाडायच्या आत खायची असते. तिच्यासाठी शहरातून अंधारात गाड्या येतात. ती खाऊन परस्पर घरी फिरू नका, बांधावर जाऊन या.